पान उलटं करून पाहा

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की दक्षिण ओंटारिओतल्या गांजाच्या एका परवानाधारक ग्रीनहाऊसात मी कीड-नियंत्रणाचं काम करते, आणि घरातल्या कुंड्यांबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर कळवा. मला वाटलं, तुळस, कढीपत्ता, फार तर जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण, इतपत पत्रं येतील. निम्मी पत्रं निघाली तळघरात दिव्यांखाली गांजा वाढवायच्या तंबूंबद्दल! संपादकांनी जरा चाचरत विचारलं, ‘छापायची का?’ कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून हे झाड कायदेशीर आहे, मराठी घरांतही ते पोचलंय, आणि कीड काही जात-धर्म बघून लागत नाही. छापूया म्हटलं. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : मी सांगलीकडची. सहा महिन्यांसाठी मुलाकडे मिसिसागाला आले आहे. त्याने तळघरात काळा तंबू उभारून चार झाडं लावली आहेत. कसली ते कळल्यावर दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. मग त्याने कायदा दाखवला, म्हटलं असेल बाबा. आता फुलं धरायच्या वेळेला पानांवर पांढरे ठिपके पडले आहेत. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, तीस वर्षं मी भुरी, ती पानांवरची पांढरी बुरशी, बघते आहे. मला ही भुरीच वाटते. गावातलं एक जण पुढच्या आठवड्यात टोरांटोला येतंय, त्याच्याबरोबर आमचे हे औषधाची पुडी पाठवतो म्हणतात. तोवर कडुनिंबाचं तेल मारू का? मुलगा नुसता मोबाईलमध्ये शोधत बसतो. सोबत त्याने काढलेला फोटो आहे.

उत्तर : काकू, आधी सांगलीला फोन करा आणि ती पुडी थांबवा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

सांगतेच का ते. भुरीसाठी आपल्याकडे द्राक्षावर जी औषधं मारतात, त्यात मायक्लोब्युटानिल हे एक. द्राक्षाला ते चालतं, कारण शेवटची फवारणी आणि तोडणी यात दिवस ठरलेले असतात आणि द्राक्ष पोटात जातं. हे फूल लोक जाळून ओढतात. मायक्लोब्युटानिल तापलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. इथे २०१६च्या अखेरीला आणि २०१७च्या सुरुवातीला काही परवानाधारक उत्पादकांच्या मालात हेच औषध सापडलं होतं आणि विकलेला माल परत मागवावा लागला होता. त्यानंतर २०१९पासून परवान्याखालच्या मालाची कीटकनाशकांसाठी तपासणी सक्तीची झाली. तुमच्या मुलाच्या तंबूत तपासणीला कोणी येणार नाही, म्हणून तर जास्त जपायचं. शिवाय परदेशातलं औषध असं बॅगेतून आणणं बेकायदा आहे ते वेगळंच. इथे डब्यावर ‘पी.सी.पी.’ असं लिहून नोंदणी क्रमांक दिलेला असतो आणि लेबलावर पिकांची नावं असतात. त्यात हे पीक नसेल तर डबा परत फडताळात.

कडुनिंबाच्या तेलाचं ऐकून तुम्ही हसाल. आपल्याकडे ज्याच्या काडीने दात घासतात त्या झाडाचं तेल कॅनडात कीटकनाशक म्हणून नोंदलेलंच नाही. दुकानात ‘पानांना चकाकी आणणारं’ म्हणून मिळतं! मलाही पहिल्या वर्षी हा अपमानच वाटला होता. पण फुलावर आलेल्या झाडाला ते नको हे माझं स्वतःचंही मत आहे. या फुलांवर चिकट केसांचा थर असतो, तेल त्यात बसलं की निघत नाही, आणि वास तर मुलाच्या मित्रांनाही लपणार नाही.

आता फोटो. वरून काढलाय. सगळे वरूनच काढतात. काकू, भुरी पिठासारखी असते, बोटाने पुसली तर बोटाला लागते, हे तुम्हाला मी काय सांगू. हे ठिपके पुसून बघा. माझा अंदाज, बोट कोरडंच राहील. पान सुईने टोचल्यासारखं दिसतंय, आणि टोचलेल्या जागचा हिरवा रंग गेलाय. फुलकिडे असते तर ठिपक्यांऐवजी चंदेरी ओरखडे दिसले असते आणि त्यात त्यांच्या विष्ठेचे काळे कण. म्हणून पान उलटं करा, चष्मा लावा आणि शिरेच्या कडेला बघा. मुलाकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग नसेल तर ते त्याला आजच आणायला लावा, तंबूतल्या कुठल्याही यंत्रापेक्षा स्वस्त पडेल. फिकट पिवळसर, पाठीवर दोन काळे डाग असलेले, अर्ध्या मिलिमीटरचे जीव हलताना दिसतील. शेजारी काचेच्या मण्यासारखी गोल अंडी. हा कोळी. आपण त्याला लाल कोळी म्हणतो खरं, पण बहुतेक वेळा तो लाल नसतोच. द्राक्षावरही तुम्ही तो पाहिला असणार, उन्हाळ्यात, बांधाकडच्या धुळीच्या ओळीत.

तो तंबूत का माजला, याचं कारण त्या धुळीच्या ओळीत आहे. त्याला गरम आणि कोरडं आवडतं. तीस अंशांना अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत त्याला जेमतेम आठवडा लागतो, वीस अंशांना त्याच्या दुप्पट किंवा जास्तच. मुलाला म्हणावं, तंबूतलं तापमान चोवीसवर आण. नुसत्या एवढ्याने कोळी मरणार नाही, पण तुम्हाला दम घ्यायला वेळ मिळेल. ठिपके पडलेली खालची पानं खुडा, तिथल्या तिथे पिशवीत घालून गाठ मारा, स्वयंपाकघरातून नेऊ नका. राहिलेल्या पानांची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसा. चारच झाडं आहेत, आणि द्राक्षाची विरळणी केलेल्या बाईला हे काम म्हणजे काहीच नाही.

फुलं धरायच्या आधी ही वेळ आली असती, तर कीटकनाशक साबण मारायला सांगितला असता. भांड्यांचा साबण नव्हे, पोटॅशियमचा, नोंदणीचा. तो किड्याच्या अंगावर ओला पडला तरच मारतो, अंड्यांना काही करत नाही, म्हणून पाच-पाच दिवसांनी दोन-तीन वेळा पानाच्या खालून मारावा लागतो, तोही दिवे बंद असताना. आता उशीर झालाय. एखादं झाड जाळ्यांनी विणलं गेलं असेल तर ते कापून टाका आणि तीन वाचवा. मुलाला वाईट वाटेल. तुम्ही गारपिटीनंतर बाग पाहिली आहे, समजावू शकाल.

आणि हो, चार झाडं म्हणजे घरटी चार, माणशी नव्हे. सून आणि मुलगा मिळून आठ लावू म्हणाले तर नाही म्हणा.

प्रश्न : ताई, मी राहुरीहून बी.एस्सी. अ‍ॅग्री केलं, आता लेमिंग्टनजवळ एका गांजाच्या ग्रीनहाऊसमध्ये स्काऊटिंग, म्हणजे कीड शोधत फिरायचं काम, करतो. फुलाच्या खोलीत कोळी दिसला की सुपरवायझर पर्सिमिलिस, म्हणजे कोळ्याला खाणारे मित्रकोळी, बाटलीतून मागवतो. सोडल्यावर चार दिवसांनी बघतो तर मित्र गायब, कोळी जागेवर. बाटलीतच खराब येतात का? सुपरवायझर म्हणतो मी नीट पसरत नाही.

उत्तर : बाटली उघडल्यावर थोडा भुसा पांढऱ्या कागदावर ओत आणि मिनिटभर बघ. केशरी, पेअरच्या आकाराचे, तुरुतुरु पळणारे दिसले तर माल ठीक आहे. सुस्त दिसले किंवा बाटलीतच एकमेकांना खाऊन उरले थोडे, तर पाठवणाऱ्याला त्याच दिवशी कळव. बाटली येताच सोडायची. सोमवारी आली आणि गुरुवारी सोडली, तर दोष तुझाही नाही नि बाटलीचाही नाही.

पण मला वाटतं तुझा घोळ दुसरीकडे आहे. पर्सिमिलिस मूळचा चिलीकडचा. तिथून आलेल्या ऑर्किडवर १९५८च्या सुमारास तो जर्मनीत सापडला, आणि पुढे हॉलंडच्या काकडीवाल्यांनी त्याच्यावर धंदा उभा केला. यान कोपर्ट हा स्वतः काकडी पिकवणाराच, १९६७मध्ये त्याने कंपनी काढली. काकडीचं घर आठव, दमट, पानं मोठी, अंगाला पाणी सुटेल असं. पर्सिमिलिसला साठ टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, नाहीतर त्याची अंडी सुकतात. तुझ्या फुलाच्या खोलीत बुरशीने फुलं सडू नयेत म्हणून पन्नासच्या आसपास ठेवलेली असणार. म्हणजे एकाच खोलीत बुरशीवाल्याचं ऐकायचं की कीडवाल्याचं, असं भांडण आहे, आणि ते बुरशीवालाच जिंकतो. जिंकू दे.

दुसरं, फुलाजवळच्या पानांवर चिकट केस. त्यावर हा गरीब जीव चालायला गेला की डिंकात पाय अडकल्यासारखा अडकतो. भिंगातून बघ, मेलेले सापडतील. गायब झालेले नाहीत ते.

म्हणून मित्र सोडायचे ते कलमांच्या आणि वाढीच्या खोलीत, पानं अजून कोवळी-गुळगुळीत असताना. तिथे कोळी दिसत नसला तरी कॅलिफोर्निकस या दुसऱ्या मित्रकोळ्याच्या पुड्या लटकवून ठेव. तो कोरडेपणा सोसतो, आणि कोळी नसेल तर फुलकिड्यांच्या पिल्लांवर, परागावर दिवस काढतो. पर्सिमिलिस कोळ्याशिवाय दुसरं काही खात नाही. एक कायमचा राखणदार, दुसरा दरोडा पडल्यावर बोलवायची फौज. तुझा सुपरवायझर फौजच बोलवतोय, तीही दरोडेखोर जेवून झोपल्यावर.

राहुरीला तुला आर्थिक नुकसानीची पातळी शिकवली असेल. एका पानावर इतके किडे झाले तरच फवारा, तोवर थांबा. उघड्या शेताचं ते शहाणपण आहे, कारण शेतात थांबलं की ढालकिडा आपणहून येतो, क्रायसोपा येतो, पाऊस मावा धुऊन नेतो. बंद खोलीत पाऊस पडत नाही आणि मित्र कुणी येत नाही. येते ती फक्त कीड, तीही आपल्याच बाहीवर बसून. इथे पहिला कोळी हीच पातळी धर.

बाहीवरून आठवलं. सकाळी कोणत्या खोलीपासून सुरू करतोस? मातृझाडं आणि कलमं आधी, वाढीची खोली मग, फुलाची आणि किडकी खोली सगळ्यात शेवटी. त्यानंतर परत मागे जायचं नाही, डबा विसरला असला तरी. पिवळा टी-शर्ट घालू नको, पांढरी माशी आणि फुलकिडे पिवळ्यावर धावतात. तू चालता-बोलता चिकट सापळा होशील, फक्त चिकट नसलेला. आणि घरी खिडकीत जास्वंद असेल तर कामावर निघायच्या आधी तिला पाणी घालू नको. तिला रात्री घाल.

सापळ्यावरची मोजणी दर आठवड्याला त्याच वारी कर. आकडा किती यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, हे सुपरवायझरला दाखव. माणसं वादात हरत नाहीत, आलेखात हरतात.

प्रश्न : कॅल्गरीत तंबूभर चिलटं झाली आहेत. ऑनलाइन ढालकिड्यांची पिशवी मागवून सोडली, ते सगळे दिव्याला जाऊन चिकटले. आता काय?

उत्तर : आता ढालकिडे झाडा. मावा खाणाऱ्याला चिलटांवर सोडलंत, म्हणजे मांजराला मुंग्या मारायला ठेवण्यासारखं झालं.

चिलटाची माशी त्रासदायक, पण नुकसान करते ती तिची अळी, कोकोपीटच्या वरच्या दोन बोटांत. बटाट्याची चकती ओल्या कोकोपीटवर ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून बघा, खाली काळ्या डोक्याच्या काचेरी अळ्या दिसतील. म्हणजे पाणी जास्त होतंय. वरचा थर सुकू द्या, मगच पुन्हा घाला. डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तोच बी.टी.आय. जिवाणू पाण्यातून देता येतो, लेबल बघून, आणि नेमॅटोडचं, म्हणजे अळ्या मारणाऱ्या सूक्ष्म कृमींचं, पाकीटही काम करतं. पण पाणी कमी न करता यातलं काही केलंत तर पुढच्या अंकात पुन्हा पत्र पाठवाल.

प्रश्न : व्हँकुव्हरहून. मित्राने दिलेलं कलम लावलं. पानांच्या कडा वर वळून पान अगदी द्रोणासारखं झालंय. भिंगाने कोळी दिसत नाही. पाणी वाढवलं, खत बदललं.

उत्तर : द्रोण हा शब्द तुम्ही नेमका वापरलात. दिवा फार जवळ असेल तरी पान असं वळतं, म्हणून आधी तो वर उचला. पण देठ आणि खोड तांबूस, मळकट दिसत असेल, पान हात लावताच तुटत असेल, तर हा रसेट माइट. हा नेहमीच्या कोळ्याच्या निम्म्याहून लहान, साधारण ०.२ मिलिमीटर, मेणाच्या पाचरीसारखा, आणि पाय फक्त चार. दहापटीच्या भिंगाने धूळ वाटतो, साठपटीचं लागतं. त्याच्यावर तंबूत लढू नका. झाड पिशवीत, पिशवी कचऱ्यात, तंबू धुवा. मित्राला शिव्या घालू नका, त्याला माहीत नसणार. पुढचं कलम आलं की तीन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा, नवीन जावयासारखं, मान देऊन पण लक्ष ठेवून.

प्रश्न : पुण्यातून लिहितो. हे वाचून प्रश्न पडला, घरापुरतं एक-दोन झाडं फ्लॅटमध्ये तंबूत लावली तर कीड कमी लागेल का? विकायचं नाही.

उत्तर : १९८५च्या एन.डी.पी.एस. कायद्याच्या कलम २०खाली विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि ‘घरापुरतं’ असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. तंबूत मिरची लावा. फुलकिडे तिच्यावरही तितकेच येतात, तेव्हा लिहा, आनंदाने उत्तर देईन. इथे माँट्रियालचे वाचकही ध्यानात घ्या, क्युबेकात घरी लागवडीला बंदी आहे आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

प्रश्न : तुमच्या स्वतःच्या हातून कधी कीड सुटली आहे का? लंडनहून, म्हणजे ओंटारिओतल्या.

उत्तर : सुटली आहे, आणि चांगली तीन आठवडे.

माझी पहिली नोकरी तळेगावला गुलाबाच्या पॉलिहाऊसात. तिथे मी पानं उलटी करायला शिकले आणि मग आयुष्यभर पानंच उलटी करत राहिले. इथे आल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात एका खोलीतली झाडं खालून पिवळी पडायला लागली. पानाखाली काही नाही. सापळ्यावर काही नाही. आम्ही सामू तपासला, कॅल्शियम-मॅग्नेशियम वाढवलं, खतवाल्याला बोलावलं, त्याने आमच्या पाण्याला नावं ठेवली. झाडं पिवळीच. बाहेर उणे अठरा, आत मी रोज भिंग घेऊन पानांशी.

चौथ्या सोमवारी सापळ्यावर एक पंखवाला मावा चिकटलेला दिसला, गडद हिरवट, मागच्या टोकाला लालसर. पानावर मावा नाही मग हा आला कुठून? म्हणून एक कुंडी उपडी केली. मुळांच्या जाळीत, कुंडीच्या भिंतीला लागून, थवेच्या थवे. आसपास पांढरट काती, पीठ सांडल्यासारख्या. पानं उलटी करणाऱ्या बाईने कुंडी एकदाही उलटी केली नव्हती.

नाव शोधलं तर ‘भाताच्या मुळावरचा मावा’. मी तिथेच बादली पालथी घालून तिच्यावर बसले. माहेर मावळातलं, इंद्रायणीच्या भाताचं. बाबांना फोन लावला, तिकडे रात्रीचे नऊ वाजले असतील, आणि सांगितलं की तुमच्या भाताची कीड माझ्या गांजाला लागली आहे. बाबांना गांजाचं आधीपासून ठाऊक होतं, पण ते नाव ते तोंडाने घेत नाहीत, ‘तुझं ते पीक’ म्हणतात.

‘मुळाशी गेलंय ना?’ ते म्हणाले. ‘मग औषध शोधत बसू नको. उपट.’

एकशे चाळीस कुंड्या उपटल्या. पिशव्या भरून बाहेर नेताना मॅनेजर दारात उभा होता, काही बोलला नाही, फक्त मोजत होता. खोली धुतली, गटाराच्या जाळ्याही काढून धुतल्या, दहा दिवस रिकामी ठेवली. तेव्हापासून दर सोमवारी प्रत्येक खोलीतल्या पाच कुंड्या मी उपड्या करते. नवीन मुलं विचारतात, ताई काय शोधताय? मी म्हणते, भात.